तीन गाड्या आणि एक जाम घाट

वाचकाचं पत्र:

«इंदूरच्या राजेंद्र नगरला घर, राऊजवळ लहानसा कारखाना, वय ४३. घरात इनोव्हा आहे, त्यामुळे रोजच्या ये-जाची अडचण नाही. आता एक स्पोर्ट्स कार घ्यायची आहे, जुनीच, पण चांगली. तीन सौदे समोर आहेत. पहिली अहमदाबादची २०१९ची पोर्शे ७१८ केमन, पीडीके (पोर्शेच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सची, २१,००० किलोमीटर झालेली. दुसरी मुंबईची २०१९ची बीएमडब्ल्यू एम २ कॉम्पिटिशन, ३४,००० किलोमीटर, 'स्टेज वन' केलेली. विकणारा पाचशे हॉर्सपॉवरच्या वर ताकद सांगतो. तिसरी इथलीच, एमपी ०९ पासिंगची २०१८ची फोर्ड मस्टँग जीटी, १७,००० किलोमीटर. तिन्हींच्या किमती झेपतील अशा आहेत. रविवारी पहाटे महूवरून जाम गेट, तिथून घाट उतरून मंडलेश्वर आणि परत, एवढाच मुख्य वापर. मुलगी १२ वर्षांची, मुलगा ७ चा. मित्रांत रोज वाद चालतो. एक म्हणतो सगळ्यांत वेगवान ती घे, दुसरा म्हणतो आवाज ऐकायचा तर मस्टँगच. वेग, बांधणी आणि चालवण्याचा आनंद, या तिन्हींचा विचार करून सांगा.»

नमस्कार,

निकाल आधी सांगतो. तुमच्या वापराला केमन सर्वांत योग्य, पण ती लिफ्टवर चढवून तपासून घ्यायची, फोटो बघून नाही. एम २ ही गाडी म्हणून उत्तम आहे, पण तुमच्यासमोरचा नग घेऊ नका. मस्टँग तिसऱ्या क्रमांकावर.

आधी वेगाचा वाद संपवू. केमनचं चार सिलिंडरचं १,९८८ सीसी टर्बो इंजिन ३०० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) ताकद आणि ३८० एनएम टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं, वजन १,३६५ किलो. शून्य ते शंभर ४.९ सेकंदांत, स्पोर्ट क्रोनो पॅकेज असेल तर ४.७. एम २ कॉम्पिटिशनचं सरळ सहा सिलिंडरचं तीन लिटर ट्विन टर्बो इंजिन ४१० पीएस आणि ५५० एनएम देतं. वजन १,५७५ किलो, शंभर गाठायला ४.२ सेकंद. भारतात आलेल्या मस्टँगचं पाच लिटरचं व्ही ८ इंजिन ४०१ पीएस आणि ५१५ एनएमचं, पण गाडी पावणेदोन टनांच्या आसपास. टनामागे ताकद काढली तर केमन २२०, मस्टँग साधारण २३० आणि एम २ २६०. म्हणजे कागदावर एम २ स्पष्टपणे पुढे.

पण हा कागद तुमच्या रस्त्यावर ठेवून बघा. तिन्ही गाड्या दुसऱ्या गिअरमध्येच ताशी १०० ओलांडतात. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा १०० आहे आणि द्रुतगती मार्गावर १२०. सात गिअरच्या गाडीतले पाच गिअर तुम्ही वेगासाठी कधी वापरणारच नाही. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे खरा, पण तो चाचणीसाठी बांधलेला अंडाकृती ट्रॅक आहे, रविवारची हौस भागवायची जागा नाही. आणि तिथे एखादी गाडी किती पळते हे कळलं तरी ती वळणावर कशी वागते ते कळत नाही. तुमचा खरा प्रश्न वळणाचाच आहे.

जाम गेटच्या पुढे रस्ता माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरतो तेव्हा वेग ४० ते ६०च्या दरम्यान असतो. वळणाआधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग हळूच ॲक्सिलरेटर, आणि लगेच पुढचं वळण उलट्या बाजूचं. इथे गाडीत वजन कुठे ठेवलंय यावर सगळं ठरतं. दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी असलेली कावड घेऊन अरुंद गल्लीत वळणारा माणूस आठवा. वळायला सुरुवात करताना घागरी मागे राहतात आणि वळून झाल्यावर त्याला पुढे ओढत नेतात. त्याच घागरी खांद्याजवळ सरकवल्या की तो जागच्या जागी वळू शकतो. केमनचं इंजिन सीटच्या मागे, मागच्या ॲक्सलच्या पुढे, म्हणजे कावडीच्या खांद्याजवळ आहे. साधारण ४५ टक्के वजन पुढे आणि ५५ टक्के मागे. त्यामुळे स्टिअरिंग फिरवलं की नाक त्याच क्षणी वळतं, आणि डाव्या वळणातून उजव्यात जाताना गाडी हेलकावत नाही. पुढच्या चाकांखाली खडी आली की हाताला कळतं. पन्नासच्या वेगात हे सगळं अनुभवाला येतं, हा तिचा मोठेपणा. मजा घ्यायला जीव धोक्यात घालावा लागत नाही.

एम २ मध्ये इंजिन पुढे आहे, तरी बीएमडब्ल्यूने वजन जवळपास सम राखलंय, साधारण ५२:४८. तिची मजा वेगळी आहे. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की मागचं एम डिफरेन्शियल दोन्ही चाकांना जोर वाटून देतं आणि गाडी मागून ढकलल्यासारखी सुटते. मात्र ५५० एनएमचा टॉर्क २,३५० आरपीएमपासूनच हजर असतो. पावसाळ्यात घाटात शेवाळ आणि चिखल असतो, तेव्हा अर्धा इंच पाय जास्त गेला तरी मागची चाकं सरकतात. तिच्यात डीएससी, म्हणजे गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा, ढिली करणारा एमडीएम हा मोड आहे, तो ओल्या रस्त्यावर लावायचाच नाही. केमन अशा वेळी जास्त क्षमाशील आहे, कारण टॉर्क कमी आहे आणि मागच्या चाकांवर वजन जास्त.

केमनचं उणं काय, तर आवाज. आडव्या चार सिलिंडरांचा आवाज घोगरा आणि कोरडा आहे, जुन्या सहा सिलिंडरवाल्या केमनची सर त्याला नाही. कान हा तुमच्या आनंदाचा मोठा भाग असेल तर चाचणीच्या दिवशी अर्धा तास काचा खाली करून चालवा आणि मगच ठरवा. सहा सिलिंडर, चार लिटर आणि ४०० पीएसची केमन जीटीएस आहे, पण ती या पैशांत येणार नाही.

आता मुंबईच्या एम २ बद्दल, कारण इथे तुमचं मोठं नुकसान होऊ शकतं. 'स्टेज वन' म्हणजे इंजिनच्या संगणकात बदल करून टर्बोचा दाब वाढवलेला. तिच्या एस ५५ इंजिनात क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला क्रँक हब असतो. टायमिंग चेनचा गिअर त्यावर चावीने किंवा खाचेने अडकवलेला नाही. मधल्या एका बोल्टच्या दाबाने, निव्वळ घर्षणावर तो धरलेला आहे. कंपनीच्या ताकदीवर हे सहसा टिकतं. टॉर्क वाढवला, वरच्या आरपीएमला झटक्याने गिअर खाली टाकले की हब कणभर सरकू शकतो. मग व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या वेळा चुकतात. नशीब असेल तर गाडी ताकद कमी करून दिवा लावते, नसेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं.

दुसरी बाजू इंधनाची. संगणकातले असे बदल बहुधा ९८ किंवा त्याहून वरच्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर बसवलेले असतात. आपल्याकडे पंपावर हाताशी असतं ते एक्सपी ९५सारखं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा इंजिनात शिरणारी हवाही तापलेली असते. मग नॉक, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका, सुरू होतो, संगणक स्पार्क उशिरा देतो आणि विकत घेतलेली ती जादा ताकद निघून जाते. उरतो फक्त जादा दाब आणि वाढलेलं तापमान. विकणारा म्हणेल की परत मूळ सॉफ्टवेअर टाकून देतो. ते टाकता येतं, पण ३४,००० किलोमीटरपैकी किती त्या दाबावर गेले हे परत येत नाही. त्याला नाही म्हणा.

एम २च हवी असेल तर न छेडलेली शोधा. फाइलमध्ये एक कागद आवर्जून मागा: २,००० किलोमीटरला झालेली रनिंग-इन सर्व्हिस. त्या सर्व्हिसला इंजिन ऑइल आणि मागच्या डिफरेन्शियलचं ऑइल बदलतात. नवीन गिअरदातांचा चुरा तेव्हाच बाहेर काढायचा असतो. ती सर्व्हिस चुकवलेला मालक पुढे काय करत असेल याचा अंदाज त्यावरून येतो. शिवाय इंजिनच्या वर बसवलेला चार्ज कूलर, म्हणजे टर्बोची हवा पाण्याने थंड करणारा डबा, गळतो का ते बघा. कूलंट वारंवार भरावं लागतंय असं फाइलमध्ये दिसलं तर संशय तिथेच घ्या. डाऊनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारी नळी) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मूळ आहेत का, हे गाडी वर उचलूनच कळतं.

बांधणीत तिघींमध्ये फरक स्पष्ट आहे. केमनचा सांगाडा इतका ताठ आहे की तिरक्या फाटकावर एक चाक वर चढलेलं असताना दार उघडून बंद केलं तरी ते त्याच आवाजात बसतं. करूनच बघा, जुन्या गाडीची ही चांगली परीक्षा आहे. आतली बटणं, दारावरचं कातडं, सीटची शिवण पाच-सहा वर्षांत सैल पडत नाही. एम २चं यांत्रिक काम तितकंच पक्कं, मात्र आतली सजावट त्या काळच्या साध्या टू सिरीजची आहे, किमतीच्या मानाने गरीब. मस्टँगमध्ये हाताला लागतं ते बरंचसं टणक प्लॅस्टिक, आणि पेव्हर ब्लॉकवरून वीसच्या वेगात नेली की कुठून तरी कुरकुर ऐकू येते.

एक तपासणी तिघींना सारखी. तिन्हींच्या दारांच्या काचांना चौकट नाही. हँडल ओढलं की काच थोडी खाली सरकते आणि दार लावलं की वर जाऊन रबरात बसते. बॅटरी कमजोर असेल तर काच खाली सरकत नाही आणि दार उघडताना रबर फाटतं. फाटलेलं रबर म्हणजे पावसात सीट ओली आणि शंभरच्या वेगात शिट्टी. दोन्ही दारांची रबरं वरच्या कोपऱ्यात बोटाने चाचपून बघा. रबर फाटलं असेल तर गाडी बरेच महिने उभी असावी, असा संशय घ्या.

आता अहमदाबादची केमन. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना पोहोचा आणि आदल्या दिवशीच बजावा की गाडी तुमच्यासमोरच सुरू करायची. हिचं इंजिन नेहमीसारखं बॉनेट उघडून दिसत नाही. ऑइल आणि कूलंट भरायची तोंडं मागच्या डिकीत आहेत, ऑइलची दांडी नाही, पातळी पडद्यावर दिसते. म्हणून ओळखीच्या मिस्त्रीला सोबत नेऊन वरून बघण्यात अर्थ नाही. पोर्शेची केंद्रं अहमदाबादेतही आहेत आणि मुंबईतही, तेव्हा गाडी आहे तिथल्याच केंद्रात पैसे भरून तपासणी करून घ्या. विकणारा त्याला तयार नसेल तर तिथूनच परत फिरा.

त्या तपासणीत इंजिन कंट्रोल युनिटमधून इंजिनचे एकूण चाललेले तास वाचून मागा. मीटरवरचे किलोमीटर भागिले तास म्हणजे सरासरी वेग. २१,००० किलोमीटर आणि ७०० तास असतील तर ताशी ३०, शहरात आणि थोडी हायवेवर चाललेल्या गाडीला हे शोभतं. तेच तास १,५०० निघाले तर सरासरी १४. मग एकतर गाडी तासन्‌तास एसी लावून उभी ठेवली जात होती, नाहीतर मीटर मागे फिरवलंय. मीटर फिरवणारे हा तासांचा आकडा बऱ्याचदा विसरतात.

पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांत टॉर्च मारून बघा. आत रेडिएटर आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर आहेत. कडुनिंब, गुलमोहराची पानं त्यात जाऊन बसतात, पावसात कुजतात आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या खातात. हायवेवरचा खडा थेट कंडेन्सरला भोक पाडू शकतो, मग गॅस निघून जातो आणि एसी बंद. पट्ट्यांचा पांढरा भुगा दिसला तर भाग बदलायची किंमत सौद्यातून वजा करा. बंपर काढून ही पानं साफ करणं दर पावसाळ्यानंतरचं ठरलेलं काम समजा.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र नेणार असाल तर ते ॲल्युमिनियमवर चालणारं हवं. केमनची दारं, पुढचं आणि मागचं झाकण ॲल्युमिनियमचं आहे, साधं चुंबकी यंत्र तिथे काहीच दाखवत नाही. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉनचा असतो. २५०च्या वर गेला तर तो भाग पुन्हा रंगवलाय, ५००च्या वर गेला तर खाली पुट्टी आहे. एखादा बंपर रंगवलेला असणं गुन्हा नाही. छताच्या खांबाजवळ किंवा पुढच्या झाकणाखालच्या सांध्यांवर रंग चढवलेला दिसला तर मात्र गाडी सोडून द्या.

ब्रेक डिस्कच्या कडेला नखाने चाचपा, उंच धार तयार झाली असेल तर झीज बरीच आहे. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. घाट उतरताना ब्रेकवर जड पाय ठेवण्यापेक्षा स्टिअरिंगमागच्या पॅडलने दुसरा-तिसरा गिअर घ्यावा हे खरंच, पण तरी ब्रेक तापतात. डॉट ४ ब्रेक फ्लुइड नवं असताना मानकाप्रमाणे किमान २३० अंशांवर उकळतं, हवेतली ओल शोषलेलं १५५ अंशांवरही उकळू शकतं. उकळलं की पेडल मऊ होऊन खाली जातं. दोन वर्षांत बदललेलं नसेल तर गाडी घरी आणल्यावर पहिलं काम हेच.

टायर हा इंदूरपुरता वेगळा विषय आहे. केमनला १८ इंची रिम असेल तर पुढचा टायर २३५/४५, म्हणजे रबराची भिंत १०६ मिमी. कुणी हौसेने २० इंची घेतलेली असेल तर २३५/३५, भिंत फक्त ८२ मिमी. एम २ ला १९ इंचीवर ८६. खड्ड्याची धार लागली की जी भिंत कमी तिचं रिम आधी वाकतं. म्हणून १८ इंची असेल तर ती कमतरता नाही, नशीब समजा. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी सहा वर्षांपलीकडचं रबर कडक झालेलं असतं, चारही बदलायचे धरून भाव करा. टायरच्या आतल्या बाजूला हात घालून झीज चाचपा, तिरक्या बसवलेल्या चाकांची आतली कड आधी जाते आणि बाहेरून दिसत नाही. केमनसाठी टायर घेताना पोर्शेने मंजूर केलेल्या, भिंतीवर एन० किंवा एन१ अशी खूण असलेल्या मालाचा आग्रह धरा. स्टेपनी नाही, पंक्चरचं द्रव आणि छोटा पंप मिळतो. तो फक्त खिळ्याच्या भोकाला चालतो. भिंत फाटली तर फ्लॅटबेड, म्हणून विम्यात रस्त्यावरची मदत घेतलीच पाहिजे आणि ती जाम घाटापर्यंत येते का हे आधी विचारून ठेवायचं.

आता पोट घासण्याची भीती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. चाकांमधलं अंतर केमनमध्ये २,४७५ मिमी, एम २ मध्ये २,६९३ आणि मस्टँगमध्ये २,७२०. गणित केलं तर त्या उंचवट्यावर केमनच्या पोटाखालची जागा साडेचार सेंटिमीटर कमी होते, बाकी दोघींची साडेपाचच्या आसपास. तिन्ही निघून जातात. अडचण करतात ते कॉलनीतले हाताने घातलेले, फूट-दोन फूट रुंद आणि १२-१५ सेंटिमीटर उंच ढिगारे. त्यांच्यावर चाकं पुढे निघून जातात आणि ढिगारा पूर्ण उंचीनिशी पोटाखाली येतो. तिथे जागा पूर्ण १२-१५ सेंटिमीटरनेच कमी होते आणि कुठलीच स्पोर्ट्स कार सुखरूप राहत नाही. तिरकी घेऊन एकेक चाक चढवलं तर थोडी सुटका होते. पीएएसएम हे गरजेप्रमाणे कडक-मऊ होणारं सस्पेन्शन बसवलेलं असेल तर केमन आणखी १० मिमी खाली असते, तेही विचारा.

घराचा आणि कारखान्याचा उतार आधी मोजा. पुढच्या चाकाच्या जमिनीवरच्या टेकापासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर आणि त्या कडेची उंची घ्या. समजा ९० सेंटिमीटर आणि १२ सेंटिमीटर आले. १२ भागिले ९० म्हणजे मीटरला १३ सेंटिमीटर. तुमचा रॅम्प एका मीटरमध्ये १३ सेंटिमीटरपेक्षा जास्त चढत असेल तर कड घासणार. फळी, टेप आणि पाणसळ एवढ्यावर पाच मिनिटांत हे कळतं, आणि गाडी दारात आल्यावर फाटक फोडायची पाळी येत नाही.

मस्टँगबद्दल थोडक्यात. आवाजाबाबत तुमचा मित्र चुकत नाही, तो व्ही ८ खराच भरदार आहे, आणि टर्बो नसल्याने इंजिन सोपं, दणकट. लांब सरळ रस्त्यावर, धुळ्याकडे जाताना ती फार सुखाची. पण घाटात वजन प्रत्येक वळणाला जाणवतं. मस्टँग आयात होऊनच येत असे, आणि फोर्डने २०२१मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, त्यामुळे तिचे भाग आयात करून मागवावे लागतात. पुढची काच किंवा हेडलॅम्प गेला तर गाडी महिनोन्‌महिने उभी राहू शकते. आणि मागे मुलं बसतील म्हणून तिचा विचार करत असाल तर हे माहीत असू द्या: २०१७ साली युरो एनकॅप या युरोपीय संस्थेच्या अपघात-चाचणीत त्या पिढीच्या मस्टँगला पाचपैकी दोन तारे मिळाले होते, मुलांच्या सुरक्षेला ३२ टक्के गुण.

मुलांचा मुद्दा आलाच आहे तर सांगतो, केमनला दोनच सीट आहेत. मुलीला शेजारी नेता येईल, सीट शक्य तितकी मागे सरकवून. मुलाला बूस्टर सीटशिवाय बसवू नका, बेल्टचा वरचा पट्टा त्याच्या गळ्यावर येतो. चौघांनी मिळून जाम गेटला जायचं हेच तुमचं खरं स्वप्न असेल, तर माझा निकाल बदलतो आणि न छेडलेली एम २ येईपर्यंत थांबायला सांगतो. तिच्या मागच्या दोन जागा लहान आहेत, पण तुमच्या मुलांच्या वयाला पुरतात, आणि डिकी ३९० लिटरची आहे.

केमनचा सौदा झालाच तर गुजरातची गाडी मध्य प्रदेशात आणताना फॉर्म २८ वर एनओसी, मालकी बदलायला २९ आणि ३०, नवा क्रमांक घ्यायला २७, आणि कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचा फॉर्म ३५. बारा महिन्यांच्या वर गाडी इथे राहणार म्हणजे इथला क्रमांक आणि इथला कर लागणारच, तो किती बसेल हे आरटीओत आधी विचारून मगच भाव करा. गुजरातमध्ये भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळवण्याच्या अर्जावर जुन्या मालकाची सही लागू शकते, ती सौद्याच्या दिवशीच घ्या, नंतर तो फोन उचलत नाही. विमा तुमच्या नावावर करायला १४ दिवस असतात. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. झीरो डेप्रिसिएशनसोबत इंजिन प्रोटेक्शनही घ्या, कारण पाणी शिरून बंद पडलेलं इंजिन साध्या पॉलिसीत बसत नाही.

पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर बॅटरीला मेंटेनर चार्जर लावून ठेवा, टायरमध्ये हवा तीन-चार पीएसआय जास्त भरा आणि टाकी रिकामी ठेवू नका. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओल शोषतं, अर्ध्या टाकीत वरची दमट हवा जास्त असते. किती टक्के इथेनॉल चालतं हे पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं, ते वाचून ठेवा. आणि दर पंधरा दिवसांनी निदान वीस किलोमीटर, ऑइल पूर्ण तापेपर्यंत, चालवून आणा. नुसतं दारात सुरू करून दहा मिनिटांत बंद करणं हे न चालवण्यापेक्षा वाईट, कारण सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साठलेलं पाणी तेवढ्यात उडून जात नाही.